मैलोगणती : आडव्या खुर्चीचा भाव

एरवी माझ्याकडे येणारी पत्रं मुदत ठेवींची, पेन्शनची आणि बँकेच्या लॉकरची हरवलेली किल्ली सापडत नाही अशा तक्रारींची असतात. या महिन्यात मात्र निम्म्याहून जास्त पत्रं विमान कंपन्यांच्या मैलांबद्दल, म्हणजे उडून किंवा कार्ड वापरून जमणाऱ्या आणि तिकिटासाठी मोडता येणाऱ्या पॉइंटांबद्दल, आली आणि त्यातही सगळ्यांचा धोशा एकच : बिझनेस क्लासची खुर्ची मैलांवर घ्यायची, तर मैलाचा भाव किती धरायचा? तेव्हा हा अख्खा अंक मैलांना दिला आहे. लॉकरवाल्यांनी महिनाभर कळ काढावी.

मी एकतीस वर्षं फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. माझ्या लेखी मैल म्हणजे चलनच. फक्त हे चलन छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि ते चालणाऱ्या दुकानाचा मालक एकच आहे. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही निवृत्त. मुलगी न्यू जर्सीत असते. ह्यांच्या क्रेडिट कार्डावर ४ लाख पॉइंट साठलेत. दोन पॉइंटांचा एक मैल होतो. युरोपमार्गे बिझनेस क्लासचं एकेरी तिकीट माणशी ९५,००० मैल अधिक १४,००० रुपये कर असं दिसतंय. तेच रोख घेतलं तर २ लाख १० हजार. इकॉनॉमी ५८,०००. उलट बँक म्हणते, पॉइंटमागे ३५ पैशांचं व्हाउचर घ्या. माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जावई म्हणतो, मैलाला दोन रुपये मिळतायत, डोळे मिटून घ्या. घ्यावं का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : घ्या, पण डोळे उघडे ठेवून. जावईबापूंचं गणित चुकलेलं नाही, गृहीतक चुकलंय. त्यांनी २ लाख १० हजारांतून १४ हजार वजा केले आणि ९५ हजारांनी भागलं. मैलामागे २ रुपये ६ पैसे आले. आता मला खरं सांगा, मैल नसते तर तुम्ही माणशी २ लाख १० हजार रोख मोजून बिझनेसने गेला असतात? तुमच्याच पत्रात पुढे आहे, ‘आम्ही आयुष्यभर इकॉनॉमीनेच गेलो, फार तर तीस-चाळीस हजार जास्त दिले असते.’ मग तुमच्यासाठी त्या खुर्चीची किंमत ५८ अधिक ४० म्हणजे ९८ हजार. त्यातून कर वजा करा, ८४ हजार. त्याला ९५ हजारांनी भागा. मैलाला ८८ पैसे, म्हणजे पॉइंटला ४४.

हा झाला तुमचा भाव. जावयाचा वेगळा असेल, कारण त्याची कंपनी तिकीट काढते.

आता बँकेचे ३५ पैसे समोर ठेवा. ४४ मोठे, म्हणून मैल घेणं बरोबर. पण मला याहून सरळ हिशेब आवडतो. दोन तिकिटांना १ लाख ९० हजार मैल, म्हणजे ३ लाख ८० हजार पॉइंट लागतील. ते व्हाउचरमध्ये घेतले असते तर १ लाख ३३ हजार मिळाले असते. ते तुम्ही सोडताय, म्हणजे खर्चच करताय. त्यात दोघांचा २८ हजार कर मिळवा. एकूण १ लाख ६१ हजार, माणशी साडेऐंशी हजार. इकॉनॉमीला ५८ हजार लागणारच होते. म्हणजे पाठ टेकून, पाय लांब करून झोपायची किंमत माणशी साडेबावीस हजार. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हा आकडा कळतो, ‘मैलाला दोन रुपये’ कळत नाही.

एकाच बाजूचं बिझनेस परवडणार असेल तर कुठल्या बाजूचं घ्यावं, हेही तुम्ही विचारलंय. जातानाचं. पश्चिमेला जाताना वारा समोरून असतो, म्हणून प्रवास जास्त लांबतो. शिवाय मुंबईहून ही विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. तुम्ही पुण्याहून एक्स्प्रेस वेवरून चार तास हाडं खिळखिळी करून आलेल्या असणार. आडवं व्हायची खरी गरज तेव्हाच.

दोन सावधगिऱ्या. पहिली : परतीचं इकॉनॉमी तिकीट सुटं घ्यावं लागेल. काही कंपन्या एकेरी तिकीट जाऊन-येऊनच्या निम्म्या भावात देतात, बऱ्याच देत नाहीत. आधी तो भाव बघा, नाहीतर इकडे वाचवलेलं तिकडे जाईल. (तुम्हाला दिसलेले २ लाख १० हजारही एकेरी तिकिटाचे आहेत. जाऊन-येऊनच्या भावाची निम्मी रक्कम बरेचदा याहून कमी भरते. जावईबापूंचे दोन रुपये तिथेही थोडे वितळतात.) दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची आहे. कार्डाचे पॉइंट एकदा मैलांत गेले की परत येत नाहीत. आणि साइटवर दिसणारी प्रत्येक सीट खरी नसते. भागीदार कंपनीची सीट कधीकधी पडद्यावर दिसते आणि शेवटच्या पायरीवर अदृश्य होते. मी तिला भुताची सीट म्हणते. म्हणून आधी तारीख आणि सीट पक्की बघा. जमलं तर कंपनीला फोन करून, विमानाचा नंबर सांगून विचारा. मगच पॉइंट वळवा. काही बँकांकडून पॉइंट काही मिनिटांत पोचतात, काहींकडून चार-चार दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट गेली तर मैल हातात आणि तुम्ही घरात.

प्रश्न : माझे मेव्हणे गेल्या वर्षी फर्स्ट क्लासने लंडनला गेले. १,०५,००० मैल आणि ४०,००० रुपये कर. तिकीट ४ लाख ६० हजारांचं होतं. प्रत्येक समारंभात सांगतात, ‘मैलाला चार रुपये काढले!’ माझ्याकडे त्याच कंपनीचे मैल आहेत आणि मी नाशिक-दिल्ली इकॉनॉमीत ५५ पैशांनी वापरले. मी मूर्ख ठरलो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. आमच्या वन्सं सांगतात, ‘दोन लाखांची पैठणी सेलमध्ये पन्नास हजारांना घेतली, दीड लाख वाचवले.’ मेव्हण्यांचं तसंच आहे.

तुम्ही पत्रासोबत त्या कंपनीच्या मेलचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. त्यात ती स्वतःच मैल विकतेय, बोनस धरून मैलाला १ रुपया ६० पैसे. आमच्या काउंटरवर डॉलरचे दोन दर असायचे. आम्ही विकायचो तो वरचा, विकत घ्यायचो तो खालचा. मैलालाही तसेच दोन दर आहेत. वरचा दर म्हणजे कंपनी स्वतः ज्या भावाला मैल विकते तो. खालचा म्हणजे व्हाउचर किंवा बिल कमी करून मिळतं तो. तुमच्या मैलाची किंमत या दोन कठड्यांच्या मध्येच असणार. बाजारात जी वस्तू १ रुपया ६० पैशांना मिळते, तिची माझ्याकडची किंमत चार रुपये, असं म्हणायला काही अर्थ नाही.

मेव्हण्यांच्याच आकड्यांनी बघा. कोणीही १,०५,००० मैल विकत घेतले असते तर १ लाख ६८ हजार पडले असते. त्यात ४० हजार कर. म्हणजे ती फर्स्ट क्लासची खुर्ची त्या दिवशी २ लाख ८ हजारांना उघड उघड मिळत होती. ४ लाख ६० हजार हा बोर्डावर लिहिलेला भाव. त्या भावाने घेणारे लोक असतात, पण ते स्वतःचे पैसे देत नाहीत.

आणि तुमचे ५५ पैसे? दिल्लीला आईला बघायला जायचं होतं, तिकीट महाग होतं, मैल वापरले आणि रोख पैसे खिशात राहिले. यात मूर्खपणा कुठे आहे? पुढच्या समारंभात मेव्हण्यांना एवढंच विचारा : मैल नसते तर लंडनला कशाने गेला असतात?

प्रश्न : सूट-टाय घालून चेक-इनला गेलं तर फुकट अपग्रेड मिळतं म्हणतात. खरं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अपग्रेडची यादी कॉम्प्युटर करतो. त्याला तुमची पँट दिसत नाही, कंपनीच्या सभासद-कार्डाचा रंग आणि तिकिटाचा प्रकार दिसतो. सैल कपडे घाला.

मैल देऊन अपग्रेड करायचं असेल तर तिकीट काढतानाच नीट बघा. इकॉनॉमीच्या अगदी स्वस्त प्रकारांवर बहुतेक ठिकाणी अपग्रेड मिळतच नाही. ‘आधी स्वस्तातलं घेतो, मग मैल टाकतो’ हा बेत तिथेच फसतो.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, आयटीत आहे. माझ्याकडे तीन खाती आहेत : एअर इंडियाचा महाराजा क्लब, सिंगापूरचं क्रिसफ्लायर आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिऑस. तिन्हींत थोडं थोडं आहे. बिझनेस क्लाससाठी यातला ‘सगळ्यात मौल्यवान मैल’ कुठला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिन्हींत थोडं थोडं, हेच तुमचं दुखणं. येन, पौंड आणि दिरहॅमची चिल्लर एकाच पाकिटात घालून फिरणारे गिऱ्हाईक आमच्याकडे यायचे. कशाचंच काही येत नसे.

मैलांची तुलना करताना लोक तक्ते बघतात, अमक्याचा मैल इतक्या पैशांचा वगैरे. ते तक्ते बहुतेक अमेरिकन प्रवाशांच्या हिशेबाने आणि सेंटमध्ये केलेले असतात. तुम्ही ठाण्याचे. तुम्हाला कुठे जायचंय आणि तिथे कोण नेतं, यावर तुमच्या मैलाचा भाव ठरतो.

एव्हिऑसची सोय अशी की ते एका कंपनीत अडकून पडत नाहीत. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, २०२२ पासून कतार एअरवेज आणि २०२४ पासून फिनएअर, सगळ्यांकडे हेच चलन, आणि खाती जोडली की इकडचे तिकडे नेता येतात. गैरसोय अशी की लंडनच्या तिकिटावर मैलांखेरीज जे रोख भरावं लागतं ते बघून डोळे पांढरे होतात. त्यातला मोठा वाटा कंपनीच्या स्वतःच्या सरचार्जचा. दुसरा ब्रिटिश सरकारच्या कराचा : तिथून निघताना प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी बसते आणि भारताएवढ्या अंतराला बिझनेसची ड्यूटी दोनशे पौंडांच्या वर आहे, इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त. तिकीट मैलांवर काढलं तरी ती सुटत नाही. एक पळवाट कायदेशीर आहे. लंडनला उतरून मुक्काम न करता चोवीस तासांच्या आत त्याच तिकिटावर पुढचं विमान पकडलं तर ती लागत नाही. म्हणून अमेरिकेहून लंडनमार्गे परतताना तुलना वेगळी येते आणि लंडनहून परतताना वेगळी. पुणेकरांच्या हिशेबात ‘रोख भाव वजा कर’ होतं ना, तो ‘कर’ काही तिकिटांवर एवढा फुगतो की वर फारसं काही उरतच नाही.

क्रिसफ्लायरची गोष्ट उलटी. सिंगापूर एअरलाइन्स आपल्या लांब पल्ल्याच्या बिझनेसच्या सीटा दुसऱ्यांच्या सभासदांना फारशा देत नाही, स्वतःच्या सभासदांसाठी राखते. म्हणजे त्यांच्या विमानाने सिंगापूरच्याही पुढे, सिडनी, ऑकलंड, टोकियो असं आडवं होऊन जायचं असेल तर क्रिसफ्लायरचाच मैल हवा. पण नुसतं मुंबई-सिंगापूर करण्यासाठी बिझनेसवर मैल उधळू नका. साडेपाच तासांचा प्रवास. जेवण, एक सिनेमा, आणि उतरलात. रात्रीचं विमान पकडून सकाळी थेट मीटिंगला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय या मैलांना तीन वर्षांची मुदत असते आणि खातं वापरत राहिलात तरी ती वाढत नाही.

महाराजा क्लबात तुमचे पूर्वीचे क्लब विस्ताराचे पॉइंटही आले असतील. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा ते तिकडे गेले. तुमच्यासारख्या मुंबईकराला याचा फायदा म्हणजे थेट विमानं. शिवाय एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आहे, त्यामुळे लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, युनायटेड या वाटाही उघड्या आहेत. मात्र पैसे असोत की मैल, कुठलं विमान आहे ते बघितल्याशिवाय देऊ नका. एअर इंडियाच्या ए-३५० मध्ये बिझनेसचे २८ स्वतंत्र स्वीट आहेत, प्रत्येकाला दार, प्रत्येकाला थेट वाट. तिच्याच जुन्या ७७७ मध्ये बिझनेसच्या ओळी दोन-तीन-दोन अशा होत्या. बिझनेसमध्येही मधली सीट! मैल तेवढेच मोजायचे आणि रात्री पलीकडच्या माणसाच्या पायांवरून उड्या मारायच्या. सीटांचा नकाशा उघडायला दोन मिनिटं लागतात.

तुमच्या पत्रावरून वर्षात एकदा सासरी टोरोंटोला आणि कधीतरी युरोप, एवढंच दिसतंय. मग मी म्हणेन एव्हिऑसमध्ये नवी भर बंद करा, सिंगापूरचे आहेत ते पुढच्या दोन वर्षांत एका सहलीत संपवा आणि साठवणूक स्टार अलायन्सच्या एकाच खात्यात करा. एअर कॅनडाच्या एरोप्लान या मैलांच्या योजनेचाही विचार करा. ते मैलांच्या तिकिटावर कंपनीचा सरचार्ज लावत नाहीत, आणि घरातल्या आठ जणांपर्यंत सगळ्यांचे पॉइंट एका हंड्यात घालता येतात. सासूबाईंचेही.

प्रश्न : पॉइंटांवर मिक्सर मिळतोय. घेऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मिक्सरची दुकानातली किंमत भागिले पॉइंट करून बघा. मी तुमचे आकडे घालून पाहिले, १९ पैसे आले. तुमचीच बँक बिलातून वजा करायला २५ देतेय. बिल कमी करून घ्या आणि मिक्सर महाद्वार रोडवर घ्या, घासाघीसही करता येईल.

प्रश्न : घरभाडं ४०,०००. ॲपवरून क्रेडिट कार्डाने भरलं तर दीड टक्का फी आणि त्यावर जीएसटी. कार्डावर शंभर रुपयांना एक मैल मिळतो. बिझनेसच्या तिकिटासाठी असं करावं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फी ६००, जीएसटी १०८, एकूण ७०८ रुपये. मैल मिळाले ४००. म्हणजे तुम्ही एक मैल १ रुपया ७७ पैशांना विकत घेतलात. वरच्या नाशिककरांना तर कंपनी १ रुपया ६० पैशांना द्यायला तयार आहे! करू नका. पहिल्या वर्षी ठरावीक खर्च पूर्ण केला की मोठा बोनस असेल आणि शेवटचे ४० हजार कमी पडत असतील, तर एकदाच करा.

पॉइंटांसाठी खर्च करण्याच्या नादाला मी नावं ठेवत नाही. आमच्या लहानपणी साबणाची वेष्टनं जमवून चमचा मिळायचा. आई वेष्टन पाण्याने सोडवून वहीत वाळवायची. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने याच कामाचा कळस गाठला. एका खाद्यपदार्थ कंपनीची, वेष्टनं पाठवा आणि मैल मिळवा, अशी योजना होती. त्याने शोधून काढलं की सगळ्यात स्वस्त माल म्हणजे पुडिंगचा कप. १२,१५० कप घेतले, सुमारे ३,१०० डॉलरचे. एवढी लेबलं काढणार कोण, म्हणून पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीला दान केलं आणि तिथल्या स्वयंसेवकांकडून लेबलं सोलून घेतली. मैल मिळाले १२ लाखांहून जास्त. मैलाला साधारण पाव सेंट. लोक त्याला वेडा म्हणतात, पण तो दुकानात जाण्याआधी भागाकार करून गेला होता. तुमच्या ॲपवाल्याने तो भागाकार तुम्ही करू नये अशीच सोय केलीय.

प्रश्न : मैल किती वर्षं ठेवता येतात? आम्हाला २०२९ मध्ये लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बिझनेसने जायचंय. तोवर साठवतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुदतीचं आधी सांगते. युनायटेड आणि डेल्टाचे मैल मुदतीने बाद होत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्समध्ये दोन वर्षं काहीच हालचाल नसेल तर जातात, एव्हिऑसला ती सवलत तीन वर्षांची. सिंगापूरचं वर सांगितलंच. हालचाल म्हणजे विमानातच बसायला हवं असं नाही, कार्डावरून थोडे पॉइंट वळवले तरी चालतं.

पण मुदत हा लहान धोका. मोठा धोका म्हणजे मैल राहतात आणि भाव जातो.

माझी गोष्ट सांगते. एका परदेशी कंपनीचे, नाव घेत नाही, मी तीन वर्षं मैल साठवले. बिझनेसचं एकेरी तिकीट ८५,००० होतं. माझे ८१,००० झाले. महिनाभरात उरलेले येणार म्हणून मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता, रोज आकडा लिहायचा. एका सकाळी साइट उघडली तर तेच तिकीट १,१०,०००. ना पत्र, ना मेल. हे म्हणाले, ‘आता कागद काढ, पाहुणे विचारतात.’

रिझर्व्ह बँकेने रात्रीतून रुपया एवढा पाडला असता तर संसद बंद पडली असती. इथे कुणी विचारणारं नाही. डेल्टाने २०१५ मध्ये मैलांचे छापील दरपत्रकच काढून टाकलं, युनायटेडने २०१९ मध्ये. आता त्यांच्याकडे भाव रोज हलतो. कमावण्याची रीतही बदलली. पूर्वी जितके मैल उडाल तितके मिळायचे, म्हणून तर नाव मैल. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०१५-१६ मध्ये आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये ते तिकिटाच्या किमतीशी बांधलं. आणि या छापखान्याची किंमत केवढी? कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने २०२० मध्ये आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. पुढच्या वर्षी अमेरिकनने १० अब्ज. बँकेत बसून मी सोनं, शेत, ट्रॅक्टर, सगळं तारण पाहिलं होतं. मैल तारण ठेवलेले पाहिले नव्हते.

तुम्ही रत्नागिरीचे, लगेच कळेल. मैल ही मासळी आहे, लोणचं नव्हे. २०२९ साठी पैसे साठवा, मैल नको. कार्डाचे पॉइंट असतील तर ते पॉइंट म्हणूनच राहू द्या, कारण ते चार-पाच कंपन्यांकडे वळवता येतात. एकीने भाव पाडला तर दुसरी आहे. आणि वाढदिवसाच्या साधारण अकरा महिने आधी सीटा उघडतात. तेव्हा पहाटे उठून बसा.

एक बारीक गोष्ट राहिली, रोख तिकिटाशी तुलना करताना उपयोगी पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या भाड्यावर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. इकॉनॉमीला ५ टक्केच आहे. म्हणजे दोन्हींतलं अंतर वाढलं आणि मैलांच्या तिकिटाची बाजू थोडी जड झाली.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक एजंट बिझनेसची तिकिटं निम्म्या भावात देतो. म्हणतो, लोकांचे मैल विकत घेतो. माझेही ९० पैशांनी घ्यायला तयार आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही बाजूंनी लांब राहा. मैल विकणं जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या नियमांत बसत नाही. कळलं की खातं गोठवतात, उरलेलेही जातात. आणि तिकीट घेणाऱ्याचे हाल त्याहून वाईट. ज्याचे मैल वापरले त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, मैल चोरलेले असले तर तिकीट आयत्या वेळी रद्द होतं, आणि तुम्ही बॅगा घेऊन टर्मिनल दोनच्या दारात. एजंटचा फोन तेव्हा लागत नाही.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर कंपनीच्या कामाने सतत फिरायचे. मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या खात्यात २,४०,००० मैल आहेत. पासवर्ड मला माहीत आहे. मुलगा सिडनीत आहे, त्याच्याकडे या मैलांवर बिझनेसने जाता येईल का? की हे पैसे बुडाले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते गेल्यावर तुम्ही हे सगळे कागद एकटीने काढून बसलात, हे दिसतंय त्यात.

बहुतेक कंपन्यांच्या नियमपुस्तकात लिहिलेलं असतं की मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, म्हणून ते बँक खात्यासारखे वारसाला आपोआप मिळत नाहीत. पण पुष्कळ ठिकाणी विनंती केली तर ते जोडीदाराच्या नावावर करून देतात, कुठे थोडी फी घेऊन, कुठे तशीच. म्हणून आधी स्वतःचं मोफत खातं उघडा. मग मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि दोघांचे पासपोर्ट यांच्या प्रती जोडून साध्या भाषेत अर्ज करा. पहिल्याने नाही म्हटलं तर आठ दिवसांनी पुन्हा करा, दुसरा माणूस फोन उचलेल.

पासवर्ड आहे म्हणून त्यांच्या खात्यातून गुपचूप तिकीट काढू नका. मोह होईल, शेजारीही सांगतील. पण पकडलं गेलं तर सिडनीहून परतीचं तिकीट रद्द होईल, आणि ते तिथे निस्तरत बसणं तुम्हाला नको.

मैल नावावर झाले तर साठवत बसू नका, येत्या वर्षातच वापरा. दोन लाख चाळीस हजारांत एवढ्या लांबचं जाऊन-येऊन बिझनेस बसेलच असं नाही. बसलं नाही तर जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी असं करा. मैलाला किती पैसे पडले ते काढू नका. बाकी सगळ्यांना मी भागाकार करायला लावलाय, तुम्हाला लावणार नाही.

एकच काम आजच करा. तुमचा पासपोर्ट उघडून नाव बघा. आपल्याकडे अर्ध्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, उरलेल्यांच्या वडिलांचं, आणि विमान कंपनीच्या फॉर्ममध्ये लिहिताना ते सुटतं. खात्यावर, अर्जावर आणि तिकिटावर पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने हवं. त्यांचं नाव मध्ये असेल तर ते तसंच राहू द्या.